मामाची हेराल्ड: द्राक्षांच्या शेडपासून पासिंगपर्यंत

२०२१ च्या दिवाळीत मामीचा फोन आला. "शेडमधली गाडी काढतेय. भंगारवाला बावीस हजार देतोय, परवा येतो म्हणालाय." मी पुढचामागचा विचार न करता "नको देऊस, मी नेते" म्हणून बसले. मामी हसली. "ने बाई. त्या गाडीत माझ्या बाजूची काच कधी धड खाली आली नाही, तुला काय करायचीये?"

मामा त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेला. दिंडोरीजवळच्या मळ्यात, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमागे, ताडपत्रीखाली त्याची स्टँडर्ड हेराल्ड १९९६ पासून उभी होती. १९६७ ची, दोन दारांची. मामा तिला 'स्पोर्ट्स गाडी' म्हणायचा आणि सगळे हसायचे. ९४८ सीसी, जेमतेम ३५ हॉर्सपॉवर, कसली स्पोर्ट्स? पण त्याच्या म्हणण्याला आधार होता. ही मूळची ब्रिटनमधल्या ट्रायम्फची गाडी, १९५९ ची. आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं काढलेला. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती १९६१ पासून आपल्याकडे बनवली. आणि याच हेराल्डची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटांची खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे चुलत नातं तर होतंच.

मी विमा कंपनीत नोकरी करते, गाड्यांचं शिक्षण शून्य. तेव्हा हे लिहिणं तज्ज्ञाचं नाही. कुणाच्या घरी अशी एखादी गाडी पडून असेल आणि कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल, तर माझ्या सव्वादोन वर्षांचा उपयोग व्हावा, एवढंच.

जानेवारी २०२२ मध्ये गाडी हलवली. फ्लॅटबेड टेम्पोचे ४,५०० रुपये ठरले होते, शेवटी ६,००० गेले, कारण चाकंच फिरेनात. ब्रेकचे लायनर ड्रमला धरून बसले होते. दोन तास ठोकाठोक झाली. तुम्ही अशी गाडी उचलणार असाल तर आठवडाभर आधी जाऊन चाकं काढून बघा, टेम्पोवाल्याला ताटकळत ठेवू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींनी नकार दिला (बरोबरच होतं त्यांचं), म्हणून मखमलाबादला एक जुना गोठा महिना ३,००० भाड्यानं घेतला. वरून पत्रा, खाली कोबा, आणि वीज. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मिस्त्री शोधायला महिना गेला. निम्म्यांनी 'पार्ट नाही मिळणार' म्हणून हात वर केले. मग वडाळा नाक्यावरच्या एका गॅरेजमध्ये सत्तरीचे एक चाचा भेटले. तरुणपणी त्यांनी हेराल्ड खोलल्या होत्या. गोठ्यात आले, दोन्ही बाजूंचे हुक सोडले आणि बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं केलं. हेराल्डचं सगळं तोंडच उघडतं, इंजिन आणि दोन्ही पुढची चाकं पूर्ण उघडी पडतात. चाचा पुढच्या टायरवर बसले, जसा मामा बसायचा, आणि म्हणाले, "ताई, मारुतीचं आठशेचं इंजिन टाकू. पंचवीस-तीस हजारात पळती करून देतो."

मोह झाला. देशभरात कितीतरी हेराल्डांच्या पोटात आज दुसरीच इंजिनं आहेत. पण इंजिन बदलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा फेरफार: आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. परस्पर बदलून टाकलं की तपासणीत इंजिन नंबर जुळत नाही आणि गाडी तिथेच अडते. छताचंही तसंच. हेराल्डचं छत बोल्टवर बसवलेलं असतं, ते काढून उघडी गाडी करता येते. माझ्या भाच्यानं तर चित्रही काढून आणलं होतं. तेही बाजूला ठेवलं.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षं मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. मला रविवारी त्र्यंबक रोडला जायचं होतं. म्हणून साध्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं ठरवलं. एकदा हे ठरल्यावर बाकीचे निर्णय सोपे झाले: जे कागदावर आहे त्याला हात लावायचा नाही. कागदावर नसलेलं, आणि ज्यानं जीव वाचेल किंवा गाडी वाटेत बंद पडणार नाही, तेवढं नवं करायचं.

कागदांचं मात्र मी उलटं केलं. आधी गाडी खोलली, मग आरसी बुक शोधलं. ते मामीच्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात सापडलं. 'एम'नं सुरू होणारा तीन अक्षरी जुना नंबर, हातानं लिहिलेल्या नोंदी. मार्च २०२२ मध्ये ते घेऊन पेठ रोडच्या आरटीओत गेले. इतकी जुनी गाडी 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत नसते, तिची आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद प्रणालीत चढवणं, करावी लागते. अर्ज, आरसीची प्रत, चेसिस नंबरची पेन्सिल छाप. छाप घ्यायची पद्धत सोपी आहे: रॉकेलनं पुसून गंज काढायचा, नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर आकडे उमटले तेव्हा लक्षात आलं, इंजिन नंबरात बुकात एक आकडा '१' वाटतो आणि ब्लॉकवर तो स्पष्ट '७' आहे. हस्ताक्षराचा घोळ. प्रतिज्ञापत्र, फोटो आणि पुन्हा छाप जोडून तो दुरुस्त झाला. एंट्री दिसायला लागायला जून उजाडला. एकच सांगते, गाडी रंगवण्याआधी सगळ्या नंबरांच्या छापा आणि फोटो घेऊन ठेवा. रंगाच्या थराखाली गेलेला नंबर पुन्हा वाचणं कठीण.

तोवर इंजिन खाली उतरलं होतं. ६३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७६ स्ट्रोक (पिस्टनची धाव), आकारानं शिलाई मशीनएवढं. सिलिंडरमध्ये गंज होता, म्हणून बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. ते चेन्नईहून आले, साडेसात आठवड्यांनी. क्रँक सातपूरच्या एका वर्कशॉपात ग्राइंड केला. सातपूर-अंबड जवळ असणं हा नाशिककरांचा मोठा फायदा. बाजारात न मिळणारा बुश (दांड्याभोवती बसणारी छोटी नळी) नमुना दाखवला की लेथवर दोन दिवसांत तयार. मी असे अकरा बुश करून घेतले, सगळे मिळून ३,८०० रुपयांत.

इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) नव्या कडक पोलादी बसवल्या. जुन्या इंजिनांच्या सीटांना पेट्रोलमधलं शिसं वंगणासारखं जपायचं. शिसं तर आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. आणि आता इथेनॉल आलंय, ते जुन्या रबराला खातं. कार्बुरेटरपासून टाकीपर्यंतच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, पॅकिंग, सगळं इथेनॉल सोसणारं बसवलं. वरवर दिसतही नाही, पण नव्यातलं हे सगळ्यात आधी करा. गरम इंजिनावर चिरलेली पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

आता पत्र्याची कहाणी, जिथे माझे पैसे बुडाले. जुलै २०२२ मध्ये एका डेंटिंगवाल्याला तळ आणि दारांखालचे पट्टे दिले. नाव सांगत नाही, घाई माझीच होती. त्यानं नवे पत्रे जोडले, पण झडीच्या दिवसांत, ओलसर पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून प्रायमर मारला. दसऱ्याला गाडीच्या अंगावर बारीक फोड. नखानं एक उचकटला तर खाली तांबडी पूड. ४१,००० रुपये गेले होते. नोव्हेंबरात दुसऱ्या माणसाकडून सगळं खरवडून पत्रा उघडा केला आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. रंग जानेवारीत, कोरड्या हवेत. पावसाळ्यात इंजिन करा, सीटा शिवा, वायरिंग करा. पत्र्याला हात लावू नका.

रंगावरून घरात भांडणं झाली. सगळ्यांना लाल हवी होती. दाराच्या आतल्या कडेला मूळचा फिकट बिस्किटी रंग शिल्लक होता, तोच जुळवून घेतला. नवरा अजून म्हणतो, चहात बुडवल्यासारखी दिसते.

आणि ट्रनियन. हा शब्द मला २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हता, आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतो. स्टिअरिंग वळवलं की तो त्या आट्यांवर स्क्रूसारखा फिरतो. तो ठोकळा म्हणजे ट्रनियन. चाचांनी सवयीनं त्यात ग्रीस भरलं होतं. जुन्या मॅन्युअलची प्रत रात्री चाळताना मला दिसलं की तिथे ग्रीस नव्हे, तेल घालायचं, गिअरचं नव्वद नंबरचं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वरच गोळा होतं, खाली पाणी साचतं आणि दांडा आतून गंजतो. मग एक दिवस वळणावर तो मोडतो आणि चाक आडवं होऊन गाडीखाली जातं.

दुसऱ्या दिवशी बिचकतच चाचांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जॅक लावला, आधाराची घोडी सरकवली, चाक काढलं, ठोकळ्याचे बोल्ट सोडले आणि दांडा हातानं फिरवत बाहेर काढला. फडक्यानं पुसून उजेडात धरला. आट्यांच्या सुरुवातीला, जिथे जाडी बदलते तिथे, मुंगीनं कुरतडल्यासारखे खड्डे होते आणि त्यांतून केसासारखी एक रेघ निघाली होती. चाचांनी त्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. "चाळीस साल ग्रीस मारलं मी," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन नवे मागवले, परदेशातून, कस्टमसकट ३४,००० रुपये. या एका खर्चाबद्दल मला कधीही हळहळ वाटली नाही. आता पिचकारीनं तेल घालायचं काम चाचा मला करू देत नाहीत, स्वतःच करतात.

विजेचं काम २०२३ च्या उन्हाळ्यात. माझ्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं होतं, आजच्या गाड्यांच्या उलट. ते तसंच ठेवून आजची इलेक्ट्रॉनिक वस्तू बसवली तर ती जळू शकते. आम्ही टोकं उलटी केली, वीज बनवणारा जुना डायनॅमो आणि त्याचा कटआउट काढून कपाटात ठेवले, मारुतीचा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसवला. ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, आणि कापडी वेष्टणाची सगळी वायरिंग नवी. ९,००० ची वायरिंग आणि १२,००० मजुरी. काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून जपली आहे. उद्या कुणाला मूळ रूपात न्यायची असेल तर दोन दिवसांत नेता येईल.

सीट बेल्टसाठी पत्र्यामागे जाड लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, नुसत्या पत्र्याला भोक पाडून बेल्ट लावू नका. टायर वॅगन-आरच्या मापाचे रेडियल, १४५/८० आर१३. ब्रेक चारही ड्रमचेच ठेवले, पण नळ्या, सिलिंडर, रबर एकूण एक नवं. ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून हँडब्रेक मी दर महिन्याला तपासते.

१९ ऑगस्ट २०२३ ला इंजिन सुरू झालं. तिसऱ्या सेल्फला. गोठाभर पांढरा धूर, शेजारचे काका बादली घेऊन धावत आले.

चालू झाल्यावर कागदांचा दुसरा अंक. मला वाटलं होतं, गाडी सुटी पडलेली असताना नावावर करून घेऊ. तसं होईना. विमा आणि पीयूसी लागत होते, आणि पीयूसीला गाडी सुरू हवी. विमा मिळाला. ९४८ सीसी म्हणजे हजारच्या आत, थर्ड पार्टीचा मूळ हप्ता २,०९४ रुपये, वर जीएसटी आणि अपघात संरक्षण. पीयूसीत पहिल्यांदा नापास. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा साडेपाच आला. चाचांनी तिथेच सोलेक्स कार्बुरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव वळसा फिरवला, चोकची केबल पूर्ण मागे जात नव्हती ती सैल केली. चौथ्या वेळी २.४. पीयूसीला जाताना गाडी वीस मिनिटं चालवून गरम करून न्या, थंड इंजिनाचा आकडा नेहमी जास्त येतो.

मग नावाचं. मामा वारलेला, म्हणून गाडी थेट माझ्या नावावर येत नाही. आधी फॉर्म ३१ वर वारस म्हणून मामीच्या नावावर: मृत्यूचा दाखला, दोन्ही मामेभावांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर मामीकडून माझ्याकडे. आणि नूतनीकरणाचा फॉर्म २५ वेगळा. हे सगळं ठीक होतं, अडलं ते ओटीपीवर. मामीच्या आधारला मोबाइल नंबर मामाचा जोडलेला, आणि ते सिम कधीच बंद झालेलं. मामीला दिंडोरीच्या आधार केंद्रावर घेऊन गेले, ५० रुपये, अर्धा दिवस, आणि नंबर बदलून यायला दोन आठवडे. घरात कुणी गेलं असेल तर हे काम आजच करून टाका, गाडी असो वा नसो. रांगेत मामी म्हणाली, "त्याचा नंबर काढायला त्याच्याच गाडीनं आणलं मला." मला काय बोलावं सुचलं नाही.

तपासणी डिसेंबर २०२३ मध्ये झाली. निरीक्षक तरुण होते. हेराल्ड पहिल्यांदाच बघत होते. दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, मग म्हणाले बॉनेट उघडा. मी उघडलं तसे ते दोन पावलं मागे सरले, आणि मग हसत इंजिन नंबर वाचायला वाकले. तो '७' त्यांनी दोनदा बघितला. अल्टरनेटरबद्दल विचारलं, जुना डायनॅमो जपून ठेवलाय म्हटल्यावर मान हलवली. दोन्ही ट्रान्सफर, नूतनीकरणाचे ५,०००, उशिराचे महिन्याला ५०० प्रमाणे, पर्यावरण कराचे ३,०००, असं सगळं मिळून साधारण २३,००० भरले. आता यातल्या काही फी वाढल्या आहेत, जाण्याआधी ताजे आकडे बघा. नवं आरसी कार्ड ९ फेब्रुवारी २०२४ ला पोस्टानं आलं. माझं नाव, जुना नंबर, मुदत पाच वर्षं.

एकूण खर्च ५ लाख ६२ हजार, भाडं धरून. यात बुडालेले ४१,००० पण आले. विकायला काढली तर एवढे येणार नाहीत, हे आधीच मनाशी मान्य करून मगच या फंदात पडा. मी वही ठेवली होती, रोजचा खर्च रोज. ती वही नसती तर हा आकडा मी साडेतीन लाख सांगितला असता आणि माझा त्यावर विश्वासही बसला असता.

चालवायला ती हलकी आहे, जरा लहरी. स्टिअरिंग इतकं वळतं की आमच्या गल्लीत एका दमात यू-टर्न होतो. मागची चाकं मात्र प्रत्येकी आपापल्या अर्ध्या अ‍ॅक्सलवर झुलतात. वळणात जोरात शिरून अचानक अ‍ॅक्सिलेटर सोडला तर मागची चाकं आत दुमडू पाहतात. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा. सत्तरच्या वर मी नेत नाही. डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) पन्नासला गुणगुणतं, ते काम पुढच्या पावसाळ्यात.

मार्चमध्ये दिंडोरीला घेऊन गेले. मामीनं अंगणातूनच दोन फेऱ्या मारून बघितली, चहात बुडवल्याचा रंग तिला आवडला. मग दार उघडून आपल्या बाजूला बसली. रस्त्याला लागल्यावर तिनं डावा तळवा काचेवर सपाट दाबला आणि उजव्या हातानं हँडल फिरवायला घेतलं, काच अडू नये म्हणून. काच सरसर खाली गेली. तळवा तसाच हवेत.

"दुरुस्त केलीस होय," मामी म्हणाली. थोडी नाराजच वाटली मला.